बंद म्हणजे काय

विषय क्रमांक एकोणतीस :
खाद्यगृहे, उपाहारगृहे व मद्यालये यांची
रात्रीची वेळ निश्चित करणेबाबत.
विषय पुकारला तेव्हा पावणेआठ वाजले होते
आणि सभागृहातले वडे संपले होते.

सोळा वर्षं मी या महापालिकेचं इतिवृत्त लिहिते.
कोण ओरडलं ते लिहायचं नसतं.
कोण उठून गेलं तेही.
'चर्चा झाली' लिहायचं.
'सर्वानुमते' हा शब्द तर
माझा हात झोपेतही लिहील.

वाशीच्या वर्तकबाईंचा अर्ज वाचला गेला.
सातवा मजला. समोरच्या गच्चीवर लाउंज.
रात्री नवऱ्याच्या उशाशी ठेवलेल्या पेल्यात
पाण्यावर वर्तुळं उठतात, असं त्यांनी लिहिलं होतं.
सोबत दोनशे अकरा तारखा, वेळेसकट.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
वर सज्जात त्या स्वतः बसल्या होत्या,
मांडीवर वही, वहीवर दोन्ही हात.

मग गच्चीवाल्यांची बाजू आली.
रोजगार, पर्यटन, जागं शहर.
जागं शहर, हे तीनदा.
माझी आई मला परीक्षेच्या आधी जागं ठेवायची
तेव्हा स्वतःही जागत बसायची.
हे उगाच आठवलं. लिहिलं नाही.

परिशिष्ट ब, अनुक्रमांक एकशे बारा :
चिकणे हौसाबाई ज्ञानू, झुणका-भाकर,
तुर्भे, ट्रक टर्मिनलमागे.
तिच्या बाजूने कोणी बोललं नाही,
तिने कोणाला सांगितलंही नसेल.
कांद्याची गाडी दीडला लागते.
माथाड्यांची पाठ तीनला सरळ होते
आणि पाठ सरळ झाल्यावरच कळतं
पोटात काही नाही ते.

तेवढ्यात धर्माजी म्हात्रे उठले.
म्हातारे सदस्य, एरवी गटारांवरच बोलतात.
म्हणाले, बंद म्हंजे काय ते आधी सांगा.
शटर परला म्हंजे बंद?
दिवा गेला म्हंजे? का चूल इजली म्हंजे?
अधिकाऱ्यांनी फाइल उलटून पाहिली.
पुन्हा सुलटी केली.
आमची मिठागरा बंद केलीव,
तवा पन कुनी सांगला नव्हता, बंद म्हंजे काय.
विषयाला धरून बोला, असं आसनावरून सांगितलं गेलं.
ते खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

ठराव : सर्व आस्थापना रात्री साडेबारा वाजता बंद कराव्यात.
दुरुस्ती : तारांकित वर्गवारी वगळून.
लाउंजला गेल्याच महिन्यात तारा मिळाला होता.
वर्तकबाई जिना उतरताना
कठडा धरून दोनदा थांबल्या.
मी मान खाली घालून आकडे तपासत राहिले.

कच्चं इतिवृत्त संपवायला रात्र झाली.
'चर्चा झाली' लिहिलं. खोडलं.
म्हात्रेंचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला,
त्यांच्याच बोलीत, प्रश्नचिन्हासकट.
उपसचिव उद्या लाल शाईने काढतील.
काढू देत. काढलेल्या ओळीचीही
खाली एक खूण उरते, कागद उजेडात धरला तर.

एक वाजून दहा मिनिटं.
घरी, कोपरखैरण्याला, जाणारी रिक्षा
मी तुर्भ्याकडे वळवायला लावली.
गल्लीत दिवे नव्हते.
हौसाबाईंचं शटर वीतभर सोडून खाली,
त्या फटीत लालसर उजेड,
आणि बाहेर फुटपाथवर चार-पाच जण,
पाठी भिंतीला, बोलणं दबक्या आवाजात,
जसं आजाऱ्याच्या खोलीबाहेर बोलतात.
फटीतून एक हात बाहेर आला.
भाकरी, वर झुणका, बाजूला फोडलेला कांदा.
हात आत गेला. पुन्हा आला.

मी विचारलं, चालू आहे का?

बंद हाय बाई, आतून आवाज आला.
जरा वाका.