परत

उंची मापायला आले तेव्हा मी उद्यमनगरात
लेथवर बुश काढत होतो.
पाच फूट चार. खांदे पडलेले.
"चालतंय," म्हणाला प्रॉडक्शनचा पोरगा,
"काम काय न्हाई. नुसतं हुबं ऱ्हायचं.
सायेब कॅमेऱ्यातनं बघणार, मग तिथं सायेबच येणार."

तोगावा त्याचं नाव.
पेठेनं दुपारपर्यंत फोड करून टाकली:
तो, गावा. म्हंजे हितलाच.
लेखक तोच, डायरेक्टर तोच, हिरोबी तोच.
"पगार तरी वाचला," म्हणाला चहावाला ढवण.

गोष्ट एवढीशी:
जपानचा एक म्हातारा कोल्हापुरात येतो,
चाळीस वर्षांमागं स्वतः बसवून गेलेलं मशीन शोधत.
ना मारामारी, ना बाई.
शाहूपुरीतल्या लॉजवर रात्री तो लिहायचा
वरनं खाली, ओळंबा सोडल्यागत,
आणि सकाळी निम्मं खोडून यायचा.

आठ दिवस मी त्याच्या खुणेवर उभा राहिलो.
जमिनीवर पांढऱ्या पट्टीचा टी.
गंगावेशीत पहाटे, म्हशींच्या धारा चालू असताना,
रंकाळ्याच्या कठड्यापाशी टळटळीत दुपारी.
तो काचेतनं बघायचा. मला नाही,
माझ्या जागी येणाऱ्या स्वतःला.
बोट हलवायचा, मी सरकायचो,
मग येऊन माझ्या चपलांच्या ठशांत
पाय ठेवायचा.

मराठीतला एकच शब्द त्यानं उचलला होता: परत.
अकरा वेळा परत. बारा वेळा.
म्हशी घरला गेल्या तरी परत.

शेवटचा सीन आमच्याच शेडमध्ये.
गोणपाटाखालनं जुना लेथ काढला.
कागदावर दोन पानं बोलणं होतं, दुभाषी अस्मा मुजावर म्हणाली,
म्हातारा मशीनची माफी मागतो,
बायको गेल्याचं त्याला सांगतो.
दिवे लागत होते. मी टीवर.
समोर लेथ आणि हात मोकळे.
अठरा वर्षांची खोड.
तळवा चकवर ठेवला, हळू फिरवला,
मान कलती करून ऐकलं.
बेअरिंग.
"गेलंय," मी तोंडातल्या तोंडात म्हणालो.

तो उठला. दोन्ही पानं घडी करून खिशात घातली.
जवळ येऊन माझं मनगट धरलं,
हात कुठं, कोन किती, बोटं का उघडी,
सगळं बघून घेतलं.
मी बाजूला झालो
आणि पहिल्यांदा तिकडनं पाहिलं:
माझा हात, त्याच्या बाहीतनं आलेला.
माझी मान.
आणि "गेलंय" असं म्हणाला
की कोण, ते विचारायचं धाडस होऊ नये.
लाइटवाला हिंदुराव दिवा मालवायचा विसरला.

मग तो वळला. चष्म्यावरनं माझ्याकडं बघत,
वहीवर शेरा मागणाऱ्या पोरागत:
"परत?"

सगळं युनिट माझ्याकडं बघाय लागलं.
मी मान हलवली. नको.
बसलं.

तो निघाला त्या दिवशी गाडीच्या काचेशी वाकून
मीच विचारलं, "परत?"
हसला असेल. काचेवर ऊन होतं.

पिक्चर कुठं लागला ठाऊक नाही. आमच्या थेटरात तर नाहीच.
दिवसाला सातशे मिळाले
आणि पट्टीचा उरलेला रोल.
माझ्या लेथपुढं फरशीवर एक टी मारलाय.
पोरं विचारतात, सेफ्टीचं हाय काय?
हो म्हणतो.
सकाळी आधी त्यावर उभा राहतो,
मग स्विच.