बारा भांड्यांचं बलुतं

उद्यमनगरात एक लेथचं दुकान बंद पडलं
तिथं आता सहा टेबलांचं फ्रेंच बिस्त्रो आहे.
शटर तेच, वर निळा रंग.
फरशीवर तेलाचे डाग अजून दिसतात.
इंद्रजा म्हणाली, असू देत काका,
इथं काम झालंय.

इंगवल्यांची पोरगी. ल्योंला चार वर्षं
दुसऱ्यांच्या भट्टीपुढं उभी राहून आली.
मागच्या दिवाळीआधी माझ्या फौंड्रीत शिरली,
मोबाईलवर एका भांड्याचा फोटो :
जाड बुडाचं, झाकणाचं, बिडाचं.
तिकडून मागवलं तर एकाला एक म्हैस जाईल,
तुम्ही ओतून द्याल?

मी पंपाची कव्हरं ओततो, ट्रॅक्टरचे ड्रम.
ज्यात शिजतं असं काही आयुष्यात ओतलं नव्हतं.
सागाचा पॅटर्न रात्री बसून स्वतः घासला.
पहिली तीन तडकली, चौथ्यात ब्लोहोल.
पाचव्याला दत्तू मोल्डरनं टिचकी मारली,
कान लावला,
म्हणाला, मालक, बोलतंय हे.

बारा झाली. पैशाचं निघालं तशी
ती पाटीवरचा खडू पुसायला लागली.
मी म्हटलं, बलुतं ठरव.
बारा भांडी, बारा जेवणं, दोघा-दोघांची.

आठ संपली.
दत्तूबरोबर दोन. सूपवरचं चीज
ताणून ताणून तो पोरासारखा हसला.
एक बँकेच्या साहेबाला, एक जावयाला,
बाकीची अशीच.
शालन येत नव्हती.
फिक्कं खायला चप्पल कशाला झिजवू?

आज गॅस संपला म्हणून आली.

खुर्चीच्या कडेला बसली, पर्स मांडीवर,
एसटीची वाट बघितल्यागत.
मेणबत्तीची वात तिनं चिमटीनं सारखी केली.
टोपलीतला पाव टेबलावर ठोकून बघितला,
ह्याला पाव म्हणत्यात?
समोरच्या शेडात कुणाचं तरी ग्राइंडिंग चाललेलं,
काचेतून ठिणग्या दिसत होत्या.
तिकडंच बघत राहिली.

मग भांडं आलं.
माझं. कानाखाली जोडाची बारीक रेघ
फाइलनं मारायची राहून गेलेली,
बोट आपोआप तिथंच गेलं, पोळलं.
आत कोंबडा, वाईनमध्ये साडेतीन तास मुरलेला,
काळसर, चकाकणारा रस.
आम्ही वितळलेल्या लोखंडालाही रसच म्हणतो.

तिनं झाकण उलटं धरून दिव्याखाली नेलं.
हे आतून फोड कसले?
सांगितलं : वाफ वर जाती, फोडांना अडकती,
थेंब होऊन परत खाली, मांसावर.
म्हणून साडेतीन तासांत पाणी घालावं लागत नाही.
गडी इंजिनिअर असल्यागत सांगितलं मी.

म्हणजे बाहेर जाऊच देत नाही की,
म्हणाली,
आणि झाकण ठेवून दिलं.
माझं जेवण तिथंच थोडं थांबलं.

तिनं मात्र जेवण केलं, पोटभर.
पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली,
अर्ध्यावर भुरभुरली, अर्धं तसंच ठेवलं,
इकडचा घास, तिकडचा घास,
कुठलं बरं ते बोलली नाही.
इंद्रजा येऊन उभी होती. डबीत बोट बुडवलं, चाटलं,
काही न बोलता आत गेली.
आतून पातेली वाजल्याचा आवाज आला.

शेवटी पावाच्या तुकड्यानं
बूड असं पुसलं शालननं
की दत्तूच्या हातची मातीची खूण दिसावी.

बाहेर स्कूटर सुरू करताना मी म्हटलं,
तीन उरली. पुढच्या वेळी व्याह्यांना आणू.
ती मागं बसली. पदर खोचला.
दोन धर, म्हणाली.
एकाला मी एकटी येतो.