दोन कोटेशनं

संस्थेच्या खोलीत टेबलावर दोन कागद,
पंख्यानं उडू नयेत म्हणून वर
तागडीतली किलोकिलोची वजनं ठेवलेली.
एक निळ्या मोटारीचं, एक काळ्या.
किमतीत साडेअकरा हजारांचा फरक,
आणि सचिव मी,
कारण ढीवरटोल्यात बारावी पास तो मीच.

निळी हलकी, एका खांद्यावर येते.
पेट्रोलात ऑइल कालवून पाजावं लागतं,
आणि बोंबलते अशी की डोमाजीकाका म्हणाले,
"हे तं पिठाची गिरनी डोंग्यावर बसवल्यावानी."
काळी चार स्ट्रोकची. पिते कमी, बोलते कमी.
तिचा एजंट नागपूरहून बूट घालून आला
आणि काठाच्या गाळात एक बूट ठेवून गेला.

महिनाभर गावात दोन तट.
फागोचा मेव्हणा निळ्या कंपनीची फटफटी
बारा वर्षं चालवतो, म्हणून फागो निळा.
नत्थूच्या विहिरीवर काळ्या कंपनीचा पंप
एका हंगामात बसला,
तर नत्थूही निळाच व्हायचा,
पण फागोशी त्याचं जाळ्यावरून वाकडं.
म्हणून काळा.
पानठेल्यावर, कटिंगच्या दुकानात, तेरवीच्या पंगतीत
पोहता न येणारेही हॉर्सपॉवर बोलायला लागले.

आधी मोटार लागत नव्हती.
वैनगंगा नदी होती तेव्हा
या काठावरून हाक मारली
की त्या काठावरून उत्तर यायचं, "काहून बे?"
आता धरणाचं पाणी. हाक मधेच बुडते.
वल्ह्यानं जाळ्यापर्यंत दीड तास,
परत दीड,
तोवर रोहूचे डोळे पांढरे
आणि अड्याळच्या बाजारात भाव अर्धा.

ट्रायलच्या दिवशी आधी निळी लावली.
डोंग्यात काका, मी, एजंटाचा पोऱ्या
आणि पुनाबाई, संस्थेची खजिनदार,
पैसे तिच्या सहीनं निघणार म्हणून.
जलपर्णी कापत गेली, छान गेली.
मग जुन्या गावावर आलो, आणि
खट्.
इंजिन फिरतंय, पंखा गप्प.

काकांनी बांबू खाली सोडला, चाचपला.
"चिचेचं खोड हाय."
कोणाची चिच, मी विचारलं.
काकांनी पाण्याबाहेर उरलेला टाकीचा कठडा पाहिला,
मग मारोतीच्या टेकडीची दिशा,
मनात पावलं मोजली.
"तुह्याच आंगनातली."

पोऱ्या म्हणाला, काही नाही, पिन तुटली.
ती तुटायसाठीच असते,
पंखा वाचावा म्हणून.
त्याच्याकडं दुसरी नव्हती.
पुनाबाईनं डोंग्याच्या फळीतला एक खिळा
हलवून हलवून उपसला,
पकडीनं डोकं उडवलं, भोकात सारला.
मोटार पुन्हा बोंबलली.

"काळीची मोडन तं?"
पोऱ्यानं खरं सांगितलं, तेवढा तो बरा निघाला.
तिला पिन नाही. आत रबर असतं.
ते घसरलं की नागपूर.
"मंग नागपूरले का वल्हवत नेऊ?"
काळीची ट्रायल झालीच नाही.

ठराव क्रमांक चार: निळी.
सूचक पुनाबाई ताराचंद मेश्राम.
अनुमोदक नत्थू,
जो अजून सांगत फिरतो की काळीच बरी होती.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं,
'सुटे भाग स्थानिक बाजारात उपलब्ध.'
हार्डवेअरच्या दुकानातून किलोभर खिळे आणले,
बिल फाइलला लावलं.

आता रोज पहाटे टाकीचा कठडा दिसला
की मी मोटार बंद करतो, वर उचलतो,
आणि तेवढा तुकडा वल्ह्यानं जातो.
फागो ओरडतो, "वळसा घालून जाय ना!"
दोन मिनिटांचा तर वळसा आहे.
मी म्हणतो, पेट्रोल वाचते.