कोरगुट

मानशीची फळी फुटली त्या रात्री
दिवाडीच्या खाजणात खाडी येऊन झोपली.
तिसऱ्या दिवशी उठून गेली.
जया पिवळी पडली, ज्योती कुजली;
बांधाकडच्या एका कुणग्यात
कोरगुट तेवढं उभं,
कुसळांवर मीठ वाळवत.

वैशाखात इनासिनने मुडा सोडला तेव्हा
शेतकी खात्याचा पोरगा फॉर्म घेऊन हजर:
हे वाण कुणी शोधलं?
लिही, ओहोटीने.
त्याने रकाना रिकामाच ठेवला.

दोन ओंजळी पाकिटात ओतताना
तिने बजावलं:
थंड कपाटात कोंडू नकोस रे,
ह्याला खाऱ्या चिखलाची सवय.
आणि दिढीने फेड.
मीही तसंच आणलेलं,
सासूच्या वैरिणीकडून.