सतरा नंबरचा पाना

केबिन उचलायच्या आधी आतलं सगळं काढायचं असतं:
कॅन, उशी, चुन्याची डबी.
तरी काहीतरी राहतंच,
आणि काचेवर सरकत येतं.

संकेश्वरला दस्तगीरनं पंप मारला, वीस-बावीस झटके.
माझी बिननाकाची गाडी हळूहळू पुढं वाकली.
टेकू लावत तो म्हणाला, "निधान."
गाडीला की मला, कळलं नाही.

दोन वर्षं तवंदी घाट उतरताना
सीटखाली काहीतरी वाजायचं,
खण्ण, फक्त तिसऱ्या गिअरला.
आमचं इंजिन पुढं नसतं, बुडाखाली असतं;
त्याचा ताप मांडीला कळतो,
आवाज अंगवळणी पडतो.
मी टेप मोठा केला.

गिअरबॉक्सच्या कडेला, ऑइलच्या गाळात
सतराचा पाना.
दांड्यावर घासून कोरलेलं "द".

ह्याच्यापायी त्यानं बसगोंडाला काढला होता.
पोरानं दोनदा शपथ घेतली,
एकदा मराठीत, एकदा कन्नडात.
मी तिथंच चहा पीत होतो.

दस्तगीरनं पाना डिझेलमध्ये धुतला, पुसला.
फळीवर त्याचा खिळा अजून रिकामाच;
तिकडं गेला नाही.
"निपाणीत थांबशील काय?
टायरच्या दुकानात असतो म्हणं तो."

केबिन खाली आली. लॉक खट्कन बसलं.
पुढं बॉनेट नाही, काही नाही,
काच, आणि लगेच रस्ता.
तवंदीला तिसरा टाकला.
सीटखाली काही वाजलं नाही.
डॅशबोर्डवरचा पाना तेवढा
काचेपर्यंत सरकत गेला.