उजव्या कोपऱ्यातला ठिपका

पुंता अरेनासच्या टपाल कचेरीत
तिसऱ्या खिडकीवर मी बसते.
बाहेर वारा असा, की माणसं
कोपऱ्यावर बांधलेला दोर धरून रस्ता ओलांडतात,
आणि त्या वाऱ्यातून, लोकरी टोपी कानांवर ओढून,
ओनोफ्रे व्रसालोविच येतात.

"आलं का?"
"आलं. कोरियाहून."
जकातीच्या कागदावर लिहिलेलं असतं:
चित्रपट, खास आवृत्ती, नग एक.
मागच्या जूनमध्ये जपानहून, नग एक.
त्याआधी जर्मनी, कॅनडा, आणि एकदा
पत्र्याच्या डबीत, बिस्किटांसारखा, हाँगकाँगहून.
नग प्रत्येक वेळी एकच.
चित्रपटही एकच,
हे कळायला मला तीन वर्षं लागली.

त्यांची मुलगी यास्ना माझ्या बहिणीच्या वर्गातली.
ती म्हणते, बाबांना चळ लागलाय.
पेन्शन पातळ होत चाललंय, फडताळ जाड.

"जर्मन प्रतीत सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो,"
काउंटरवर कोपर टेकून ते मला सांगतात,
"सगळे घाईत बोलतात, जणू बोट सुटणार आहे.
जपान्यांचा समुद्र निळा. आमच्याकडे तो होता
शिशाच्या रंगाचा.
कॅनडावाल्यांनी दिग्दर्शकाला बोलायला बसवलंय वरून,
तर तो दोन तास जेवणाबद्दलच बोलतो."
मागे रांग. कुणीतरी खाकरतं.
"आणि सगळ्यांनी धुतलाय त्याला, इर्मा.
चोळून चोळून. एक ओरखडा ठेवलेला नाही."

धुतलेलं वाईट कसं, ते मी विचारलं नाही.
शिक्का मारला.

एका रविवारी यास्नाने बोलावलं,
वाढदिवसाचा केक उरला होता.
आतल्या खोलीत पडदे ओढलेले.
प्लेअर फ्री झोनमधला; दुकानातल्या पोऱ्याने
रिमोटवर कसलेसे आकडे दाबून
सगळ्या खंडांची कुलपं उघडून दिलेली.
कोरियन डबी ओनोफ्रेंच्या मांडीवर. यातली सगळ्यात स्वस्त.
आत पुस्तिका नाही,
नटीचं नावसुद्धा चुकलेलं.
चित्र मळकं, उभ्या रेघांनी चिरलेलं,
कुठल्यातरी थिएटरात झिजलेल्या रिळांवरून
सरळ उतरवून घेतलेलं.
पडद्यावर एक माणूस जिना उतरत होता.
काही घडत नव्हतं. मी केक खात होते.

तेवढ्यात वर, उजव्या कोपऱ्यात,
एक ठिपका.
डोळ्यात कुसळ जावं इतकाच.

ओनोफ्रे उभे राहिले.
एका दमात, गुडघ्यांसकट.
हाच माणूस माझ्या खिडकीशी
नाणी मोजायला पाच मिनिटं घेतो.
डावा हात हवेत, कशाच्या तरी खटक्यावर.
ओठ मोजत होते.
सात सेकंद.
दुसरा ठिपका.
हाताने हवा खाली ओढली
आणि जिना उतरणारा माणूस
न अडखळता
रस्त्यावर आला.

"एकतीस वर्षं," दारातून यास्ना म्हणाली,
"दर वीस मिनिटांनी. थिएटर पाडलं
तेव्हा दोन्ही मशीनं भंगारात गेली.
तिथे आता टायर विकतात."
तिचा आवाज नेहमीसारखा चिडका नव्हता,
पण फार मऊही नव्हता.

"बघितलंस?" खाली बसत ते मला म्हणाले,
"रीळ बदललं.
कुणाला कळलंसुद्धा नाही."

मी मान हलवली.
पुढचा ठिपका यायला अजून बराच वेळ होता.
यास्नाने त्यांनाही एक तुकडा कापून दिला.
बशी त्यांनी उजव्या हातात घेतली,
डावा मोकळा ठेवला.