मर्डिनाचं मत

स्कॉटलंडच्या पार टोकाच्या त्या बेटावर
सभेत हात वर झाले एकोणचाळीस.
विरोधात एकच, मर्डिनाचा,
त्याच हातात विणायची सुई.
"माझ्या खिडकीतून समुद्र दिसतो," ती म्हणाली,
"तो तुम्ही पवनचक्कीला देऊन टाकताय."
इतिवृत्तात नोंद झाली :
विरोध एक. कारण, समुद्र.

मग बोटीतून पाती आली.
रस्ता अरुंद, म्हणून फर्कारच्या मेंढ्यांचं कुंपण काढलं,
आणि एका वळणावर तर टपालपेटीच.
ती अजून परत बसवलेली नाही.

डिझेलचं जनित्र बंद पडलं त्या रात्री
कुणाचाच डोळ्याला डोळा लागेना.
तीस वर्षं उशाशी घोरणारं कुणीतरी
उठून गेलं होतं.

चक्कीच्या पैशातून छोटी बस आली,
चक्कीच्याच विजेवर चालणारी.
दर मंगळवारी ती मर्डिनाला धक्क्यावर सोडते,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्या बोटीसाठी.
पायरी चढताना ती ड्रायव्हरला बजावते,
"माझं मत अजून तेच आहे हं."

फेब्रुवारीत बेअरिंग गेलं.
सुटा भाग यायचा पलीकडून, आणि बोटी बंद.
वारा असा की शेडचे पत्रे उडाले,
आणि ही बया ढिम्म उभी.

बाराव्या सकाळी कचेरीत फोन वाजला.
"मर्डिना बोलतेय.
काय झालंय तिला?
कुणी मला नीट सांगेल का?
चहाचा कप घेऊन बसते मी खिडकीत,
आणि समोर
नुसता समुद्र."